भंतेजींच्या खोलीत पाटलीणबाई

सिस्टर, तुमचा बंगला रिकामा झाला. मालकाच्या नातवंडांनी तो परत मागितला. उरलेल्या तिघींतल्या दोन म्हाताऱ्या सिस्टर केरळला गेल्या, तिसरी मुंबईला, आणि किल्ली द्यायच्या दिवशी स्वयंपाकघर धुवायला शेवटी मीच होते. तुम्हाला हे कुणी कळवणार नाही, म्हणून मी लिहायला बसलेय. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला चौथीच्या पुढचं धड लिहिता येत नाही, तेव्हा कुणी कुणाला हसायचं कारण नाही. सून विचारते, आई काय लिहिताय, तर मी म्हणते किराणा. एवढा किराणा बघून ती घाबरली असेल.

माझ्या भावाला घेऊन मी तुमच्या फाटकात पहिल्यांदा आले तेव्हा थंडी होती, लोणावळ्याची ती हाडात शिरणारी ओली थंडी. भाऊ जुन्या हायवेवर ट्रक चालवायचा. कुठून एड्स घेऊन आला ते सगळ्यांना कळलं होतं आणि एका दवाखान्यानं त्याची खाट व्हरांड्यात काढली होती. मी तुमच्याशी भांडायच्या तयारीनंच आले होते. जात विचारतील, धर्म विचारतील, पाण्याखाली डोकं धरून येशूचं नाव घ्यायला लावतील, असं मला लोकांनी सांगून ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत, "जेवला का हा?" मी म्हटलं न्हाई. तुम्ही आत गेलात आणि पेज घेऊन आलात. मला भांडायला काही मिळालंच नाही, त्याचाही राग आला.

मग भावापाशी राहता राहता मी तुमच्या चुलीपाशी शिरले. तुमच्या हातच्या भाकरीनं माणूस रोगाआधीच मेला असता. एक दिवस मी रबराचे हातमोजे घालून पेशंट लोकांच्या ताटात भाकरी कुस्करत होते. तुम्ही मागं येऊन उभ्या राहिलात. तुमचा तो बारीक आवाज अजून कानात आहे. "मोजे जखमेला. भाकरीला हात." मी म्हटलं, मला लेकरं हायेत घरात. तुम्ही म्हणालात, "भावाला कशानं भरवते तू?" मी म्हटलं, हातानं. "मग? तो तुझा, आणि हे कुणाचे?" मला असं तोडून बोललेलं सहन होत नाही, माझ्या सासूनं बोललेलंही झालं नाही. पण त्या दिवशी मी मोजे काढले, हात धुतले आणि पुढची भाकरी घेतली. दिवसभर तुमच्याशी बोलले मात्र नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

भाऊ गेला तेव्हा तुम्ही आमच्या विहारात फोन केलात. दुसऱ्यांदा केलात. कुणी आलं नाही. आमच्याच लोकांतलं कुणी आलं नाही, हे मी तेव्हाही तोंडावर बोलले होते आणि आजही लिहिते. तुम्ही दोन मेणबत्त्या आणल्या आणि विचारलंत, तुमच्यात काय म्हणतात? मला त्रिसरण येत होतं, पंचशीलात मी मध्येच अडकायचे. तुम्ही म्हणालात, "येतं तेवढं म्हण. मी उभी आहे." मी अडकते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, पुन्हा अडकते, आणि तुम्ही पांढऱ्या साडीत हात जोडून उभ्या. मेण तुमच्या बोटांवर ओघळतंय आणि तुम्ही हलत नाही.

मला वाटलं होतं तुम्ही आमच्या लोकांचा राग धराल. तुम्ही तर पुढच्या वैशाखी पौर्णिमेला चालू शकणाऱ्या सगळ्या बायांना घेऊन विहारातच गेलात. मागं जमिनीवर बसलात. वंदना झाली, खीर वाटली, तुम्ही दोनदा मागून खाल्लीत. कुणाला टोमणा नाही, काही नाही. मी जळफळत होते की ही बाई यांना सुनावत का नाही. पण तेव्हापासून आमच्या वस्तीतल्या बाया दर पौर्णिमेला बंगल्यावर तांदूळ घेऊन यायला लागल्या. ईदला बाजारातल्या मशिदीतून शीरखुर्म्याचा डबा यायचा. आणि कुठल्या देशातल्या कुठल्या चर्चच्या म्हाताऱ्या बाया लोकरीचे चौकोन विणून, ते एकमेकांना जोडून पांघरुणं पाठवायच्या. त्यांनी लोणावळा बघितलं नव्हतं, आम्ही त्यांचं गाव बघितलं नव्हतं, पण पांघरूण बरोबर खाटेएवढं. नुसती दया आलेली माणसं फोटो काढायला यायची, त्यांना तुम्ही फाटकातूनच परत पाठवायचात. एकाला म्हणालात, "फोटो नको, कांदे चिर." त्यानं चिरले बिचाऱ्यानं.

आता पाटलीणबाईचं सांगते, कारण सगळं तिच्यावरूनच झालंय. तुम्हीच तिला आणलंत, इंदुरीच्या बाजूच्या एका गावातून. नवरा याच रोगानं गेला आणि सासरच्यांनी हिची वळकटी गोठ्यात टाकली. तुम्ही तिच्या दिराच्या अंगणात उन्हात बसून राहिलात, ऐन जेवणाच्या वेळेला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तुमच्या मोडक्या मराठीत सांगत राहिलात की हिचं घर हेच आहे, ही आत जाईपर्यंत मी बसणार. घर मिळालं नाही. पण भावकीसमोर दिराला कबूल करायला लागलं की नवऱ्याच्या वाट्याचं धान्य तिला वर्षाला पोचेल. काही वर्षं पोचलंही. ती आली ती नाक वर करून. पहिल्या दिवशी मला विचारलं, "स्वयपाकाला कोण हाय हितं?" मी म्हटलं, "मी हाय. आन कुटल्या जातीची हाय ते पण ऐकून घ्या, म्हंजी नंतर उलटी व्हायला नको." दोन दिवस तिनं केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी माझ्या हातचं पिठलं. मी तिला पाटलीणबाई म्हणायला लागले ते तेव्हापासून.

आणि तो नाताळ. तुमच्या बहिणीनं केरळहून सोनेरी काठाच्या पांढऱ्या साड्या पाठवलेल्या. तुमच्याकडं सणाला हीच नेसतात म्हणून तुम्ही हौसेनं सगळ्या बायांना वाटल्या. मला तर आनंदच, आमच्यात विहारात जायला पांढरीच लागते. पाटलीणबाईनं साडी उलगडली आणि भिरकावली. "रांडाव हाय ते ठाव हाय मला! सणासुदीला अंगावर घालून दाखवायला पायजे व्हय?" तुम्ही माझ्याकडं बघताय, मी सगळं समजावून सांगतेय, आणि तुमचा चेहरा असा की कुणी थोबाडीत दिलीय. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून रंगाची पुडी आणलीत आणि माझ्या डाळीच्या पातेल्यात ती साडी उकळलीत. हिरवी! आमच्याकडं विधवेला हिरवा रंग चालत नाही हे तुम्हाला कुठून कळणार? मला कळत होतं. मी गप्प बसले आणि लाकडं सारत राहिले, म्हटलं होऊ दे काय व्हायचंय ते. तुमचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले, तसेच घेऊन तुम्ही प्रार्थनेला गेलात, आणि पुढं बरेच दिवस आपलं वरण हिरवट झालं. पाटलीणबाईनं साडी हातात घेतली. किती तरी वेळ काठ चाचपत बसली. मग म्हणाली, "रंग एकसारका बसला न्हाई," आणि नेसून आली. जेवताना सारखी पदर सावरत होती. तिच्याकडं बघून मला माझी नवी साडी फिकी वाटली.

आता हे सगळं संपलं. संपलं ते चांगल्यासाठीच, सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात, माणसं घरी राहतात, कामाला जातात, म्हातारी होतात. तुम्ही असताना आठवड्याला कुणी ना कुणी जायचं, आता तसं नाही. सगळ्यांना कुणी ना कुणी घेऊन गेलं. राहिली एकटी पाटलीणबाई. दीर मेला, पुतण्यांनी फोन उचलला नाही. उरलेल्या सिस्टरांनी मुंबईकडच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात जागा बघितली, तर ही खाट धरून बसली. "मी मावळ सोडून मरायला जाणार न्हाई." किल्ली द्यायला आठवडा राहिलेला. माझ्या घरी दोन खोल्या, सून बाळंतीण, तिची आई आलेली. जागा असती तर मी कुणाच्या दारात गेले नसते.

रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात उभी राहिले. म्हटलं, मागची भंतेजींची खोली वर्षातले बरेच दिवस रिकामी असते, ती हिला द्या. आमचे अध्यक्ष, कंपनीतून रिटायर झालेले, घसा खाकरून म्हणाले, "ताई, रोगाचं काय न्हाई, ते कळतंय आता आमाला. पण मराठ्याची बाई हाय. उद्या तिचे पुतणे आले आन म्हनले आमची बाई बाटवली, तर?"

"जे फोन उचलत न्हाईत ते गाडी करून येणार व्हय?" मी म्हटलं.

मागून आमची थोरली मावशी बोलली, तिचं माहेर पाटलीणबाईच्याच गावचं. "त्यांच्या दारात माझ्या आईला पानी वरनं ओतायचे. ओंजळीत. ते घर मी इसरले न्हाई."

ते खोटं नव्हतं. पण माझ्या तोंडातून निघून गेलं, "मग मावशी, आता तू दे तिला पानी. तांब्याभांडं हातात दे. बघ घेती का."

कुणीतरी हसलं. मावशी हसली नाही. अध्यक्ष म्हणाले, "हे तू तुझ्या मनानं करतीस का कुणी सांगितलंय?" आणि मी म्हटलं, "सिस्टरनी सांगितलंय. जाताना माझा हात धरून सांगितलं, की पाटलीणबाईला टाकू नकोस." तुम्ही त्या मागच्या भिंतीपाशी बसायचात, तिकडं एकदोघांनी वळून बघितलं, मी बघितलं ते. अध्यक्षांनी तिथूनच भंतेजींना फोन लावला. ते म्हणाले, मी आलो की सभागृहात झोपेन, त्यात काय.

तिला आणायला गेले तर तिचं वेगळंच. "तुमच्या वस्तीत? माझ्या माहेरी कळलं तर?" मी म्हटलं, "तुज्या माहेरी कळून घ्यायला कोण जित्तं हाय?" रडली. मग टेंपोत बसली, ते परदेशी पांघरूण मांडीवर घेऊन. दारात मावशी उभी, हातात तांब्याभांडं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. पाटलीणबाईनं भांडं घेतलं, तोंड लावून घटाघटा प्याली आणि म्हणाली, "बोरचं हाय का? मचूळ लागतंय." मावशी म्हणाली, "उद्या गाळून देते." तेव्हापासून दोघी रोज सकाळी पायरीवर बसून भांडतात. भांडणाशिवाय एकीचंही पोट साफ होत नाही.

तर तुमच्या नावावर ही बाई ठेवून घेतलीय. कागद मी कुठं पाठवणार नाही, चुलीला लावीन. फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही मला असं काही सांगितलं नव्हतं. शेवटच्या घटकेला हात धरला होतात तेवढं खरं. मी वाकून कान लावला, वाटलं काहीतरी मोठं बोलाल, आणि तुम्ही म्हणालात, पेजेत मीठ कमी आहे.