तीन बोटं खाली

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा तेच! रोपांचे ट्रे पिकअपमध्ये भरले, हिच्यासाठी दार उघडून उभा राहिलो, तर म्हणते, "तुम्हीच जाऊन या. माझा गुडघा चढू देत नाही."

नर्सरी काढल्यापासून गिऱ्हाइकांना रोपं पोचवायला आम्ही जोडीनं जातो. जुनी व्हॅन तर हीच चालवायची. मी पिकअप आणली, वर हौसेनं मोठी चाकं बसवली, तेव्हा हिनं कपाळाला हात लावला होता — "हा उंट तुमचा तुम्हीच हाका!" तरी शेजारी बसायची, वाटभर बडबडायची. आता महिना झाला, सीट रिकामी. मला करमत नाही. गुडघाच आहे ना, की माझाच कंटाळा आलाय?

बुधवार, ६ मार्च

टायरवाल्याकडे गेलो. लहान चाकं बसव म्हटलं, तर हसायला लागला. "काका, लोक मोठी बसवायला येतात!" येऊ देत. सगळ्यात लहान चाक लावून पाहिलं, ते आत ब्रेकला घासतं. त्याहून एक माप मोठं बसेल म्हणाला, मागवतो.

निघताना स्टुलाला अडखळलो. भर वाटेत स्टूल ठेवतात का कुणी? "दिसलं नाही का, काका?" दुकानात उजेड नको? भरदुपारी अंधार नुसता!

शुक्रवार, ८ मार्च

फाटकाच्या खांबाला गाडी घासली. फाटक अरुंदच आहे. ही रोपांना पाणी घालत होती, सगळं पाहिलं, एक अक्षर बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवार, ९ मार्च

समोरून दिवे आले की रस्ता नाहीसा होतो. कुणाला सांगितलेलं नाही. रस्ता हातात बसलाय, म्हणून चाललंय.

सोमवार, ११ मार्च

बसली चाकं! बोटं लावून मोजलं — गाडी चांगली तीन बोटं खाली आली. थोरल्याचे बूट काढून धाकट्याच्या चपला घातल्यासारखी दिसते. दिसू दे. "काका, काटा आता खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवणार, ध्यानात ठेवा," टायरवाला म्हणाला. मी मान डोलावली. काटा मला धड दिसतो कुठे!

ही बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली. "माझ्यासाठी केलंत?" हो म्हटलं. मग म्हणाली, "उद्या येते." जेवताना दोन घास जास्त गेले.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी ट्रे भरले. हिच्या बाजूचं दार उघडून उभा राहिलो. ही गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, टुणकन स्टिअरिंगमागे चढून बसली, सीट पुढे ओढली आणि हात पसरला.

"चावी द्या."

"अगं, गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय! तुमच्या शेजारी बसायची भीती वाटत होती. तुम्हाला दिसत नाही हो. आणि कसं सांगायचं तेही कळेना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चावी दिली. शेजारी जाऊन बसलो, आणि खरं लिहितो — महिन्याभरात पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं.

तिनं गाडी सरळ बाहेर काढली. फाटक अरुंद नाही.