जांभळ्या औषधाचा चाकू

राधानगरी, धरणाच्या कामावरून

प्रिय सिद्धराम,

उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, असं तू मला म्हणायचास, तेव्हा मला राग यायचा. कोल्हापुरात डॉक्टरांनी आपल्याला शिकवलं ते एवढंच: रक्त दाबून धरायचं, पट्टी बांधायची, मोडलेल्या हाडाला फळी लावायची आणि पुढचं दवाखान्यावर सोडायचं. तू पेटीत तेवढ्यापुरतंच भरलंस. स्वच्छ फडकी, पट्ट्या, फळ्या, कात्री. मी तिला शिंप्याची पेटी म्हणून हिणवलं आणि माझ्या पेटीत मुंबईहून मागवलेला चाकू ठेवला. पुढं पातं, आणि दांड्याच्या पोकळीत साप चावल्यावर जखमेत भरायचं जांभळं औषध. तो वापरायला मला कुणीच शिकवलं नव्हतं. पण इथले मजूर तो बघून मला 'डाक्टर' म्हणायचे आणि मला ते गोड लागायचं.

गेल्या आठवड्यात ओढ्याकडून हाक आली, 'पान लागलं!' आपल्याकडं साप चावला म्हणत नाहीत, जनावराचं नाव घेत नाहीत, त्यामुळं कसलं होतं ते कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. खाली तुझा धाकटा भाऊ नागाप्पा बसला होता. घोट्याच्या मागं रक्ताचे ठिपके. पेटी उघडली आणि माझा हात सरळ चाकूकडं गेला. माणसांनी त्याला धरलं, मी खोल चिरलं, औषध कोंबलं. पोरगं ओरडलंसुद्धा नाही. म्हणालं, 'निसारभाई, तुमी हायसा न्हवं, मग भ्या न्हाय.'

त्याला उचलून नेल्यावर दगडाशी ठेचलेलं जनावर मी पाहिलं. दिवड होती. पाण्यातली, बिनविषारी, पंचगंगेत पोहताना आपण शेपटीला धरून फिरवायचो तसली. मी ती पायानं ओढ्यात ढकलली आणि वर येऊन घोणस होती म्हणून सांगितलं.

तेव्हापासून माझा उदोउदो चाललाय. धाकट्याला बघायला आलेल्या तुझ्या अव्वा माझ्या पाया पडल्या, एवढ्या वयाच्या. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पुढं ठेवून म्हणाल्या, 'मला आता दोन न्हाईत, तीन ल्योक.' लाज वाटली. तरी मी ती भाकरी खाल्ली.

नागाप्पाला त्या पायावर जोर देता येत नाही. जखमेला वास येऊ लागलाय. अव्वांनी दवाखान्याचं काढलं, तर मी म्हणालो, विष उतरतंय, थोडं थांबा. डॉक्टर बघताच ओळखतील म्हणून मी त्यांना थांबवलं. पाय गेला तरी चालेल पण नाव जाऊ नये, इथवर मी घसरलो.

आज दोघांना बैलगाडीत बसवून तुझ्याकडं धाडतोय. विसाव्याला चाललोय असं त्यांना वाटतं. पत्र नागाप्पाच्याच खिशात दिलंय. दोघांनाही वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. गाडी दारात आली की बैल सोडू देऊ नकोस, तशीच दवाखान्याकडं ने. डॉक्टरांना सांग, जखम सापाची नाही, चाकूची आहे. मग हे सगळं त्या दोघांना मोठ्यानं वाचून दाखव. नागाप्पा माझ्याच खांद्याचा आधार घेऊन गाडीत चढला, तेव्हाही माझ्या तोंडून हे निघालं नाही.

तुझा म्हणवून घ्यायचं तोंड उरलेलं नाही, तरी तुझाच,
निसार