टाकीखालच्या वायरी

१४ मार्च, रविवार दुपार

प्रिय लंबू,

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईंचा गुडघा कुरकुरतो, तोंड ठणठणीत आहे. फोनवर आपण दोघंही फारच छान असतो, म्हणून लिहायला बसले. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल मागाहून लिहीन. आधी गाडीचं सांगते.

काल गाडी पुलाच्या अलीकडे, चढावर बंद पडली. मागे आई होत्या. हो, तुझ्याच आई. दवाखान्यात मी त्यांना हल्ली गाडीवरूनच नेते. तू चालवायचास तेव्हा त्या एकदाही बसल्या नव्हत्या. "तो रस्ता सोडून आरशात स्वतःलाच बघतो," असं त्यांचं म्हणणं. आता माझ्या कमरेला असा विळखा घालतात की श्वास घ्यायला परवानगी मागावी लागते.

नोकरीसाठी जाताना तू म्हणाला होतास, आठवड्यातून एकदा नुसती सुरू कर, नाहीतर बॅटरी उतरेल. मी सुरू करायचे आणि बाजूला उभी राहून आवाज ऐकायचे. एकदा पुढे बसून पाहिलं. पाय फूटरेस्टला पोचेनात. हँडल धरायला गेले तर टाकीवर आडवीच झाले.

पोचणार कसे? शोरूममध्ये तू एकेका गाडीवर बसत होतास आणि मी प्रत्येक वेळी तुझ्या मागे. "पाय पुढे टाका साहेब, आरामखुर्ची आहे," असं तो विक्रेता म्हणाला आणि तू विरघळलास. तरी तुला ती आखूडच वाटली. मग मिस्त्रीकडून फूटरेस्ट आणखी पुढे नेलेस, रुंद हँडल लावून घेतलंस. मी मागून तुझ्या खांद्यावर ताणली गेलेली शिवण बघत होते. पुढचा शर्ट सैल शिवायचा, एवढंच त्या दिवशी माझ्या मनात आलं.

तर तू गेल्यावर थोड्याच दिवसांत मी गाडी मिस्त्रीकडे नेली होती. ढकलत.

"ही आत घ्यायची आहे."

"म्हणजे काय, वहिनी?"

"मापाला मोठी होते."

"ब्लाउज आहे का हा!" हसला तो. पण केलं. फूटरेस्ट मागे आणले, अंगाकडे वळलेलं हँडल बसवलं. सीटला पाठीशी उशी मी घरच्या मशीनवर शिवली. सुई मोडली, पण बसली. हँडल जवळ आलं तशा वायरी लांब पडल्या. त्याने पक्कड उचलली.

"कापू नका," मी म्हटलं. "दुमडून टाकीखाली ठेवा."

"कशाला? साहेब आले की पुन्हा उसवायचं?"

"हो."

मी गिऱ्हाइकाचं कापड कधी शिवणीपाशी कापत नाही. दोन बोटं आत सोडते. माणसं वाढतात. वाटलं, गाडीचंही तसंच असेल.

काल गाडी बंद पडल्यावर त्याच मिस्त्रीने टाकी उचलून दाखवलं. वायरींचं वरचं आवरण घासून गेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं.

"कापड गप्प बसतं, वहिनी. ही वायर रोज इंजिनाबरोबर थरथरते. एक तर जुनं हँडल लावू, नाहीतर जास्तीचं कापून सांधू. असं मधलं चालणार नाही. रस्त्यात पेटली असती."

आई बाकावर गुडघा चोळत होत्या. मला वाटलं, म्हणतील जुनंच लावा. त्या म्हणाल्या, "मग मला दवाखान्यात कोण नेणार?"

सोमवारी सांगते म्हणून मी घरी आले.

आता तुझी शेवटची ओळ. 'कंपनी आणखी दोन वर्षं इथेच थांब म्हणते, मी हो म्हटलं आहे.' तू विचारलं नाहीस, कळवलंस. मी रागावलेले नाही. परवा रागावले होते.

तुझ्यासाठी निळा शर्ट बेतला आहे आणि तसाच पडला आहे. तू बारीक झालास की सुटलास, कळत नाही. फोनमध्ये खांदे दिसत नाहीत.

कधीकधी आई झोपल्या की उभ्या गाडीवर जाऊन मागे बसते. समोर भिंत दिसते. तिथे तुझी पाठ असायची. इतकी वर्षं मला समोरचा रस्ता दिसला नाही आणि त्याचं काही वाटलंही नाही. आता रस्ता सगळा दिसतो. चांगला आहे. संध्याकाळी नदीकडच्या वळणावर ऊन थेट डोळ्यांत येतं. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

उद्या वायरी कापायला सांगणार आहे.

तुझं हँडल विकणार नाही. तुझ्या जुन्या शर्टात गुंडाळून कपाटावर ठेवलं आहे. पण ते आता या गाडीला लागणार नाही, हे तुला माझ्याकडूनच कळावं.

मागची सीट नवी शिवली आहे. आईंच्या मापाची नाही. लांब पायांच्या माणसाला पुरेल अशी. मागे बसणं तुला शिकावं लागेल. वळणावर गाडी कलेल तिकडे कलायचं, उलट ओढायचं नाही. हात कुठे ठेवू, असं विचारायचं नाही. मला सगळं येतं. शिकवीन.

तुझीच,
पुढे बसलेली