पहिला कप बाबांचा

हॅमिल्टन, ५ मार्च १९९५

ती. सौ. दमयंतीआत्यास शंतनूचा शि. सा. न. वि. वि.

माझं आयुष्य बदललं ते गेल्या सप्टेंबरच्या चौदा तारखेला, दुपारी सव्वादोन वाजता, ग्लासभर ताकामुळे. हसू नकोस. ट्युटोरियल बुडवून मी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका तुर्की कॅफेत शिरलो. काउंटरवरच्या मुलीने माझ्यासमोर आयरान ठेवलं. आयरान म्हणजे आपलं ताकच, मीठ घातलेलं, फेस आलेलं. मी म्हणालो, यात जिरं हवं. ती म्हणाली, जिरं हवं असेल तर आपल्या घरी जाऊन प्या. अर्धा तास भांडलो. तिचं नाव नेस्रीन. त्यानंतर मी युनिव्हर्सिटीत पाऊल टाकलेलं नाही.

पुढचं बाबांनी त्यांच्या पद्धतीने कळवलं असेलच. डॉक्टरचा मुलगा दुसऱ्या वर्षात शिक्षण सोडून ताटल्या धुतो, वगैरे. ऑक्टोबरात घरातून निघालो तेव्हा दार असं आपटलं की काचेला तडा गेला. तेव्हापासून बाबा बोलत नाहीत, मग मी तरी का बोलू? आई दर बुधवारी चिवड्याचा डबा काउंटरवर ठेवते आणि काही न विचारता निघून जाते.

ताटल्या आता धुवत नाही हं! नेस्रीनचे वडील नेजातकाका, कॅफे त्यांचाच, मला मांती वळायला शिकवतायत. नखाएवढे मोदक समज, आत खिमा, वरून दही-लसूण. एका चमच्यात चाळीस मावले पाहिजेत असा त्यांचा हट्ट. माझे नऊ मावतात.

ऐंशी वर्षांपूर्वी तिकडे तुर्कांशी झालेल्या गॅलिपोलीच्या लढाईत इथली, न्यूझीलंडची, खूप माणसं गेली. त्यांच्यासाठी एप्रिलात इथून लोक तुर्कस्तानला निघालेत. त्यांतल्या तीस जणांना आम्ही आठ तारखेला दुपारी जेवायला बोलावलंय. तिकडे काय खावं, काय प्यावं ते आधी चाखून जा म्हणून. त्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे.

आता मुद्दा. मी नेजातकाकांकडे नेस्रीनला मागणी घातली. ते म्हणाले, मुलगी मागायला मुलगा एकटा येत नाही, वडिलांना घेऊन ये. आठ तारखेला ते या दारात दिसले नाहीत, तर नऊ तारखेपासून तूही दिसू नकोस. आत्या, मी मरेन, पण बाबांची माफी मागणार नाही. तूच काहीतरी कर. ते या जगात फक्त तुला घाबरतात.

तुझी माया आहेच, या महिन्यापुरती दुप्पट कर.

तुझा,
शंतनू

---

पुणे, १९ मार्च १९९५

चि. शंतनूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मरण्याबद्दल लिहायचं असेल तर निदान अक्षर तरी बरं काढावं. तुझ्या काकांना वाचून दाखवलं. मुलगी दुसऱ्या धर्माची, दुसऱ्या मुलखाची, हे ऐकून ते उठले आणि पंखा वाढवून पुन्हा बसले. काळजी मलाही वाटते, खोटं कशाला सांगू. पण तिने तुला जिरं दिलं नाही, हे मला फार आवडलं. तुला नाही म्हणणारं कोणी आजवर भेटलंच नव्हतं.

शिरीषला वेगळं पत्र टाकलंय. सुलेखाशीच लग्न करीन म्हणून तुझा बाप तीन दिवस जेवला नव्हता. सगळं घर रडलं. चौथ्या दिवशी माळ्यावर लाडवांचा रिकामा डबा सापडला. आठ तारखेला तू गेला नाहीस तर हे शंतनूला सांगीन, असं त्याला लिहिलंय. तुला सांगून टाकलं ते त्याला कळू देऊ नकोस.

आणि हे बघ, तिथे रीतीने वाग. चहा असो नाहीतर कॉफी, ट्रे पुढे आला की पहिला कप उचलायचा आणि दोन्ही हातांनी वडिलांपुढे ठेवायचा. घरचं वळण दिसतं त्यातून. विसरलास तर गाठ माझ्याशी आहे.

डोकं थंड ठेव आणि पत्र मोठं पाठव.

तुझी,
आत्या

---

हॅमिल्टन, १० एप्रिल १९९५

ती. ताईस शिरीषचा शि. सा. नमस्कार.

लाडवांचा विषय निघायला नको होता. असो. गेलो.

माझ्या शेजारी ‘ते-रापा’ या इथल्या उपनगरातल्या दूध कारखान्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांचे आजोबा गॅलिपोलीहून परत आले नाहीत. नेजात यांचे आजोबाही तिथेच, समोरच्या बाजूला. हे कळल्यावर नेजात यांनी तिळाची कडक वेटोळी भाकरी मोडून अर्धी त्यांच्या हातात दिली.

मग शंतनू बोलायला उभा राहिला. मसुराच्या सूपमध्ये लिंबू पिळायला विसरू नका, आयरान खारटच असतं, साखर मागू नका, चहा पुरे झाला की चमचा ग्लासवर आडवा ठेवा, नाहीतर ते भरतच राहतील, कॉफीचा गाळ खाली बसू द्या. वीस मिनिटं, हातात कागद नाही. लोक लिहून घेत होते. बाईंनी विचारलं, हा तुमचा मुलगा का? मी हो म्हणालो. सहा महिन्यांत पहिल्यांदा म्हणालो.

पाहुणे गेल्यावर आम्ही बसलो. मुलीने कॉफी आणली. सुलेखाही आली होती, ती कॉफी घेत नाही. शंतनूने पहिला कप दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. हे त्याला कोणी शिकवलं कळेना, पण मला बरं वाटलं. कॉफीत मीठ होतं. बरंच होतं. यांचं ताक खारट, तशी कॉफीही असेल, असं समजून मी गाळापर्यंत संपवली आणि उत्तम झाली असं सांगितलं. मुलगी पांढरीफटक पडली. बापलेकीत त्यांच्या भाषेत काहीतरी झालं, आणि त्या गृहस्थाने उठून माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले! म्हणाले, मुलगी दिली. मी अजून मागितलीही नव्हती.

त्याने शिक्षण पुरं करावं हे मी सोडलेलं नाही. पुढच्या शनिवारी नेजात आणि त्यांच्या मुलीला घरी जेवायला बोलावलंय.

तुझ्या धाकात असलेला,
शिरीष

---

हॅमिल्टन, १५ एप्रिल १९९५

ती. सौ. आत्यास शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! आणि जिंकलो ते तुझ्यामुळे, म्हणजे तुझ्यामुळे आधी मेलो आणि मग जिंकलो.

ऐक. मागणी घालायला आलेल्या मुलाच्या कॉफीत मुलगी मीठ घालते, अशी तिकडची रीत आहे. तोंड वाकडं न करता प्यायला तर हा आपलं सगळं सोसेल असं समजायचं. नेस्रीनने मला आधीच बजावलं होतं, तीन चमचे घालणार आहे. पण ट्रे समोर आला आणि माझ्या डोक्यात तुझं पत्र वाजायला लागलं. मी माझा कप उचलून बाबांपुढे ठेवला! ठेवल्यावर कळलं. आता काढून कसा घेणार? बाबांनी मिशी पुसली आणि एक्सलंट म्हणाले. नेजातकाकांना नेस्रीनने खरं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, या पोराचं मला माहीत नाही, पण ज्या घरात सासरा हे पितो त्या घरात माझी मुलगी सुखात राहील. मग माझ्यासाठी नवा कप आला, चार चमच्यांचा. प्यायलो. तोंड वाकडं केलं नाही, नुसता लालबुंद झालो.

बाबांना अजून कोणीच काही सांगितलेलं नाही. आईला माहीत आहे, ती पदराआड हसते.

ईस्टरची सुट्टी म्हणून कॅफे बंद आहे. मी एकटाच इथे बसून लिहितोय. आत्ता बाबांचा फोन आला होता. सहा महिन्यांनी त्यांनी मला फोन केला, आत्या! आधी नुसतंच खाकरले. मग म्हणाले, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तुर्की कॉफी काही मिळाली नाही, पार ऑकलंडला अवोन्डेलच्या बाजारापर्यंत गाडी हाणली तेव्हा कुठे मिळाली. आज नेजात यांना स्वतःच्या हाताने करून देणार, अगदी त्यांच्याकडच्यासारखी. फक्त मीठ कपाला किती घालायचं तेवढं सांग.

मी सांगितलं, तीन चमचे.

नेजातकाकांना आज तोंड वाकडं करता येणार नाही. नेस्रीन गाडीत बसून हॉर्न वाजवतेय. बाबांच्या दाराची काच बदलायला माप घेण्याची पट्टी खिशात टाकली आहे. तुझा धाक असाच राहू दे, आम्हा दोघांनाही त्याची गरज आहे. पाकीट चिकटवतो, दिवा मालवतो, बाहेर पडून दार हलकेच ओढून घेतो.

तुझा,
शंतनू