बारा बैल, सोळा बैल आणि चांगुणाबाई

तेर, दि. १४ मार्च १९७३

स्नेही महालिंगप्पा यांस आबारावचा सप्रेम नमस्कार.

आपली कंबर आता कशी आहे? वहिनींचा दमा उन्हाळ्यात दबलेला असतो, तसाच असावा. इकडे तेरणा कोरडी आहे. मी ठीक आहे.

पत्रास कारण आमच्या शाळेतील चांगुणाबाई. चौथीच्या वर्गाला त्या तासाभरात एकच शाब्दिक उदाहरण घालतात, असे कानावर आल्याने मी (बी.कॉम., शिवाय सोसायटीचा चिटणीस) सोमवारी स्वतः वर्गात जाऊन बसलो. बाईंनी प्रथम सर्वांच्या लेखण्या डब्यात गोळा केल्या. मग फळ्यावर लिहिले: छावणीत बारा बैलांना वीस दिवस पुरेल इतका चारा आहे. चार दिवसांनी आणखी चार बैल आले. उरलेला चारा किती दिवस पुरेल? लगेच त्यांनी आकडे तेवढे पुसून टाकले (!) आणि म्हणाल्या, "आता गोष्ट सांगा." छावणीत आधी कोण होते, मागून कोण आले, तोवर काय खाल्ले गेले, यातच वीस मिनिटे गेली. आकडे मला पाठ होते. मी मागून उत्तर दिले, "पंधरा!" बारा गुणिले वीस, भागिले सोळा, शंकेला जागाच नव्हती.

बनाबाईची सरू (वय वर्षे नऊ) वळून म्हणाली, "आन् काका, पयले चार दिवस बैलांनी उपास धरला व्हता का?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकांचा भागाकार बरोबर आहे. फक्त ते छावणीत न जाताच परत आले. सरू, त्यांना घेऊन जा बघू." त्या मुलीने मला बैलांसोबत चार दिवस काढायला लावले, तेव्हा कुठे उत्तर आले: बारा.

प्रश्न वाचून संपण्याआधीच उत्तर देण्याची माझी तीस वर्षांची खोड इतक्या अदबीने कोणी दाखवली नव्हती. अशी शिक्षिका मी पाहिलेली नाही.

आपला,
आबाराव

ता. क. फेब्रुवारीत शिक्षण खात्यात आपल्या टेबलावर 'एक जागरूक ग्रामस्थ' याचा अर्ज आला असेल: तासाला एकच गणित होते, सबब बाईंची भूमला बदली करावी. तो ग्रामस्थ मी. अर्ज वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वीचा आहे. तो मागे घेत असल्याचे पत्र, सहीनिशी, सोबत जोडले आहे. कृपया बदली थांबवावी.

ता. क. २. पाकीट चिकटवण्यापूर्वी बाईंना भेटून सर्व कबूल केले. म्हणाल्या, "ठाऊक हाय की. इतकं रेखीव अक्षर गावात दुसऱ्या कुणाचं?" अर्जाची नक्कल खुलाशासाठी त्यांच्याकडे आली होती, आणि खुलासा त्यांनी कालच रवाना केला. त्यात एकच ओळ आहे: 'अर्जदाराचे म्हणणे खरे आहे.' महालिंगप्पा, माझी तक्रार मी मागे घेतली. त्यांची कबुली कोणी मागे घ्यायची, ते उलट टपाली कळवावे.