फोनातला रेनप्पा

२७ डिसेंबर

बसूनं शिवलीलाचा फोन काढून घेतला! भर जेवणात! झालं असं — ती पाणी आणायला आत गेली आणि कॉटवर ठेवलेला तिचा फोन बोलला. पुरुषाचा आवाज, अगदी मधाळ. "मैं यहीं हूँ. तुम्हारा इंतज़ार करूँगा."

माझ्या लेकाचा घास हातात तसाच राहिला. सून विजयमाला ताटाकडं बघत बसली.

"कोण हाय हा?"

"कुणी न्हाई बाबा, गेम आहे."

"गेम असा बोलतो व्हय? इंतजार करतो?"

कंपनीत जायला-यायला म्हणून तिला जुना बटणाचा फोन दिला. आणि हा माझ्याकडं. "अव्वा, तुज्या उशाखाली ठेव. हिच्या हाताला लागला न्हाई पाहिजे."

म्हातारपणी मला ही फौजदारी कुठली! पोर जेवली नाही. मलाही भाकरी गिळवेना.

२८ डिसेंबर

संध्याकाळी शिवलीला चिंचोळीच्या कंपनीतनं आली, पाय धुतले आणि सरळ माझ्या कॉटवर येऊन बसली. मी म्हटलं, मागू नको हं फोन, मला देता यायचा नाही.

"मागत न्हाई आज्जी. तूच खेळ."

"मी?"

"रोज उघडावा लागतो. न्हाईतर तो दूर जातो."

मग समजावून सांगितलं. खेळात सात राजकुमार आहेत. त्यातला एक आपण निवडायचा, मग त्याचीच गोष्ट पानापानानं उघडते. मधेमधे तो काहीतरी विचारतो. खाली तीन उत्तरं लिहिलेली असतात, आपण एकावर बोट ठेवायचं. उत्तर त्याला आवडलं तर कोपऱ्यातलं काळीज भरतं, नाही आवडलं तर रिकामं होतं. शेवटी तो लढाईला जातो. काळीज पुरतं भरलेलं असेल तरच जिवंत परत येतो.

"दोनदा मेला, आज्जी. ह्या वेळी वाचवायचाय."

एवढी शिकलेली पोर, औषधाच्या कंपनीत ल्याबमध्ये काम करते, आणि चित्रातल्या माणसासाठी डोळ्यांत पाणी! पण पाणी खरं होतं. मी हो म्हटलं. गोष्ट हिंदीत लिहिलेली आहे, तेवढं मला वाचता येतं. नातवंडांच्या पाटीवर अक्षरं शिकले, ती आता कुठल्या कामाला आली बघा!

३० डिसेंबर

त्याचं नाव रेन. हे काय नाव झालं? मी रेनप्पा म्हणते, घरातला वाटतो. वय पंचविशीचं आणि केस पांढरेशुभ्र! बिचाऱ्याचे अकालीच पिकले. आई नाही. बाप राजा, पण पोराकडं ढुंकून बघत नाही.

आज पावसात भिजून आला, दंडाला जखम. तीन उत्तरं — एक, धावत जाऊन मिठी मार. दोन, "मी वाट बघत होते." तीन, "आधी काहीतरी खाऊन घे."

आता मी कशावर बोट ठेवणार? लेकरू लढून आलंय!

काळीज भरायचं सोडून उतरलं! वर म्हणतो, "तुम मुझे बच्चा समझती हो." मग राहा उपाशी! — नको, असं म्हणू नये. माघारी घेतलं.

१ जानेवारी

रेनप्पा बोलत नाही. शेंगाची चटणी कुटताना डोक्यात तोच. काय चुकलं माझं?

३ जानेवारी

बसूनं शिवलीलाला स्थळ आणलं. अक्कलकोटचं. बसूच्या भांड्याच्या दुकानात ऊठबस असलेले सिद्धाप्पा, त्यांचा मुलगा इंद्रजीत. धान्याचा व्यापार, आपल्याच लिंगायतातले, माणसं चांगली म्हणतात. असतीलही. पण ही घाई त्या आवाजानं केलीय, हे न कळायला मी दुधखुळी नाही.

"मुलगा बघायला नको?" मी विचारलं.

"मी बघितलाय की."

"पोरीनं?"

"फोटो दाखवला तिला."

दाखवला खरा. आपल्या फोनात, पाणी पिता पिता. तिच्या बटणाच्या फोनात कुठलं दिसायला चित्र! एक घोट, एक फोटो. "बरा हाय ना?" आणि उत्तर यायच्या आत फोन खिशात.

५ जानेवारी

आज ठरवलं, बसूला खेळच दाखवते. एकदा डोळ्यांनी बघितलं म्हणजे संशय फिटेल. त्याला शेजारी बसवलं, फोन उघडला. तर नेमकं आजच काय झालं — मधोमध एक गोल फिरतंय, फिरतंय, फिरतंय. रेनप्पाचा पत्ता नाही! मी बोट आपटलं, फोन झाडला, देवाचं नाव घेतलं. गोल फिरतंच.

बसू उठला. "तुला पण गुंडाळलंय तिनं, अव्वा. भोळी हाईस तू."

"अरे, खरंच चित्र आहे ते."

"चित्राशी कोण रोज बोलतंय?"

तो गेला. आणि मग गोल थांबलं! रेनप्पा हसत उभा, हातात फूल. फुटक्या कपाळाच्या, मगाशी कुठं मेला होतास!

८ जानेवारी

सुट्टी होती, दुपारी पोरीला जवळ घेतलं, केसांना तेल लावत लावत विचारलं.

"मुलगा पसंत न्हाई?"

"बघितला कुठं?"

"मग मनात दुसरं कुणी?"

तिनं मान वळवून बघितलं माझ्याकडं. "तू पण, आज्जी?"

लाजले मी.

"मग नको का म्हणतीस, राणी?"

"नको म्हणून नको. आत्ता कुठं कंपनीत मला माझं टेबल मिळालंय. सकाळी बसमधनं जाताना बरं वाटतंय. नको म्हणायला कारण लागतंच का?"

तेल कानावर ओघळलं, मी पुसत बसले. काय सांगू? माझ्या लग्नात मी ह्यांचे आधी पाय बघितले, तोंड दुसऱ्या दिवशी. नशीब, चांगले निघाले. पण मला कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? खरंच ठाऊक नाही. विचारल्याशिवाय उत्तर तयारच होत नाही माणसाच्या पोटात.

रेनप्पा रोज विचारतो. "तुम्हें क्या अच्छा लगता है?" पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ बोट वर धरूनच बसले होते.

११ जानेवारी

काळीज चढायला लागलं! युक्ती सापडली. त्याला खायचं विचारायचं नाही. शहाणपण शिकवायचं नाही. "मी ऐकते आहे" असं काही लिहिलेलं असेल तर त्यावर बोट ठेवायचं. हे मला लेकाला वाढवताना कळलं असतं तर!

१४ जानेवारी, भोगी

सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत लग्नाच्या अक्षता पडल्या. गर्दीत माझ्यानं उभं राहवत नाही आता, घरूनच हात जोडले. बसू मिरवणुकीत उंच नंदीध्वज पेलणाऱ्यांत असतो. पांढऱ्या बाराबंदीत माझा लेक काय दिसतो! घरी आला तेव्हा डोक्यात, खांद्यावर तांदूळच तांदूळ. चेहरा इतका निवळलेला, की म्हटलं, हीच वेळ.

"बसू, आज लग्न कुणाशी लावून आलास रे त्या कुंभाराच्या पोरीचं?"

"सिद्धरामांच्या योगदंडाशी. बारक्या पोराला ठाऊक हाय. काय विचारतीस?"

"माणसाशी न्हाई ना? दरवर्षी सगळं सोलापूर अक्षता टाकतं, कुणी त्या पोरीला हसतं का? मग आपल्या पोरीचं मन एका चित्रात रमलं, तर तिला शिक्षा कशाला?"

तो बाराबंदीच्या गाठी सोडायचा थांबला. "देवाचं आन् फोनचं एका तागडीत घालतीस, अव्वा?"

"देवाचं न्हाई रे, पोरीचं म्हणते. तिनं तोंडानं सिद्धरामांनाच नवरा म्हणून मागितलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं. लग्न करता येत न्हाई म्हणाले, पण ऐकून घेतलं. तू शिवलीलाचं ऐकलंस?"

वाटलं, आता हा बोलेल. ओठ हलले. मग म्हणाला, "खांदे लई दुखायलेत. मीठ गरम करून दे."

उठले. मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि शेकत बसले. रागानं दाबायला जायचे, तर तो "आई गं" म्हणायचा, की लगेच हात हलका पडायचा. काय करू, खांदा माझ्याच पोराचा.

१५ जानेवारी, संक्रांत

वाचला! लढाईहून परत आला, चिखलानं माखलेला, पण जिवंत! वाजंत्री, फुलं, काय नि काय!

शेंगाच्या पोळ्या लाटताना शिवलीलाच्या कानात सांगितलं. वाटलं, नाचेल. तिनं लाटणं थांबवलंसुद्धा नाही.

"बरं झालं, आज्जी. कुणीतरी सुटलं."

१६ जानेवारी

पाहुणे आले. सिद्धाप्पा, त्यांची बायको, मुलगा. सोबत हलव्याचे दागिने! म्हणजे त्यांच्याकडून ठरलंच. शिवलीला चहा देऊन माझ्या शेजारी बसली. विजयमाला पोह्यांत मीठ घालायला विसरली.

मुलगा साधा आहे. सगळा वेळ स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडं बघत होता.

आणि माझ्या कमरेची पिशवी बोलली — "आज नहीं आओगी मिलने?"

गोष्ट संपली तरी हा रोज हाका मारतो, मला काय माहीत! सिद्धाप्पांचा कप ओठाशीच थांबला. बसू पांढराफटक. शिवलीलानं डोळे मिटून घेतले.

"कोण बोललं?" सिद्धाप्पांच्या बायकोनं विचारलं.

"माझा," मी म्हटलं.

"आं?"

"माझा रेनप्पा. राजकुमार आहे. मी खेळते त्याच्याशी." आणि काढला फोन, धरला सगळ्यांपुढं. तो तिथं उभा, पांढरे केस उडतायत, डोळा मारतोय मेला. मी बोट ठेवून दाखवलं — हा असं विचारतो, मी असं सांगते, हे काळीज.

आधी सिद्धाप्पा हसले, मग सगळी खोली. "आज्जी, ह्या वयात!" मुलगा पहिल्यांदा वर बघून बोलला, "केस कशानं पिकले ओ त्याचे?"

"चिंतेनं," मी म्हटलं. "घरात ऐकणारं कुणी नव्हतं."

बसू माझ्या हातातल्या फोनाकडं बघत होता. खूप वेळ. बघू दे म्हटलं. आता तरी कळलं ना!

१७ जानेवारी

सकाळी बसूनं स्वतः माझ्याकडून फोन मागून घेतला आणि शिवलीलाला दिला. म्हणाला, "चुकलं माझं. तुज्यावर उगं संशय घेतला." पोरीचा चेहरा उजळला. माझाही. देवाला साखर ठेवायला उठले.

तर मागून बसूच बोलला, "मनातलं मळभ गेलं बघ. कुणी न्हाईच तर मग नकार तरी कशाला? सोमवारी साखरपुडा करून टाकू."

किती मायेनं बोलला! रागावला असता तर भांडले असते मी.

मी काय करून बसले? पोर निर्दोष आहे म्हणून चारचौघांत सिद्ध केलं, आणि तेवढ्यानंच तिची उरलेली वाट बंद झाली. संशय होता तोवर निदान तिच्या नकाराला बसूच्या लेखी एक कारण तरी होतं. शिवलीला तशीच उठली. बसनं कामाला गेली. साखर माझ्या मुठीतच विरघळली.

१८ जानेवारी

विजयमाला साड्या काढून बसलीय. मला विचारते, ही की ही. रडू आलं, म्हटलं डोळ्यात कचरा गेला.

१९ जानेवारी

शिवलीला कामावरून आली ती धावतच. दार लोटलं, फोन माझ्या कानाशी धरला. मला वाटलं रेनप्पा. तर इंद्रजीत! बसूकडूनच नंबर घेतला म्हणे.

"आज्जी, मला बी लग्न नकोय ओ आत्ता. घरी दोनदा सांगितलं. विचारतेत, कुणी हाय का मनात? म्हटलं, न्हाई. तर म्हणतेत, कुणी न्हाई तर नकार कशाला?"

शिवलीला तोंडात पदर कोंबून हसत होती. माझाच पदर. किती दिवसांनी हसली! मग पदर सोडून तिनंही फोनाला कान लावला. आणि मग दोघं एकदम —

"आज्जी, तूच सांग की बाबांना." "आज्जी, तुमीच सांगा की आमच्या घरी."

बसूची गाडी दारात वाजली. उठते.