बिअर निवळल्याशिवाय तारा टांगू नये

मी, ओटिली ग्लाइसनर, वय एकोणऐंशी, राहणार श्टाइनरॉइट, ओबरफाल्झ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला न जुमानता हे लिहून ठेवते. फुप्फुसं थकली आहेत, डोकं नाही. ज्याला शंका असेल त्याने आजच येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा.

१. घर, तळघर आणि या घराला पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला बिअर करण्याचा हक्क मी माझी सून व्लास्ता हिला देते. मुलगा कोर्बिनियन याला नाही. त्याला वरचं रान आणि ट्रॅक्टर मिळेल. त्याने या घरात राहावं की नाही हे त्याच्या बायकोने ठरवावं. नीट वागला तर ती ठेवील.

कारण गावाला ठाऊक आहे, तरी कागदावर असू दे. सामाईक भट्टीवर उकळलेला जवाचा रस आपापल्या तळघरात आणायचा, आंबवायचा, थंडीत मुरू द्यायचा आणि पिण्याजोगा झाला की दारावर सहा टोकांचा तारा टांगायचा, ही आपली रीत. तारा म्हणजे त्या घराचा शब्द. माझे पती बार्टल वारले तेव्हा त्यांच्या हातची शेवटची बिअर तळघरात होती. दफनाहून माणसं परतली आणि कोर्बिनियन तारा घेऊन दाराकडे निघाला.

“अहो, थांबा. बिअर कच्ची आहे, लोण्याचा वास येतोय अजून,” व्लास्ता म्हणाली. “बाबांचं नाव जाईल!”

“काल सीमेपलीकडून आलीस आणि मला शिकवतेस? माणसं तहानलीयत!”

तारा लागला. लोकांनी एकेक पेला कसाबसा संपवला. शेजारचा आल्फोन्स उठताना म्हणाला, “बार्टल गेला, आणि आम्हाला लोणी ठेवून गेला.” तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. घर मात्र त्याच संध्याकाळी मी मनोमन व्लास्ताच्या नावावर केलं.

२. आता तळघरात माझी शेवटची बिअर आहे. माझ्या दफनाच्या दिवशी ती कोणीही उघडू नये, पाद्रीबुवांनीही नाही. आंबताना आलेला फेस बसला म्हणून लगेच गारठ्यात ढकलू नये. स्वयंपाकघराकडचं दार उघडून थोडी ऊब द्यावी, लोण्याचा वास पुरता जाऊ द्यावा, मगच दार लावून थंडीत निवळू द्यावी. कॅलेंडर बघू नये, चाखून बघावं. व्लास्ता ‘झाली’ म्हणेल तेव्हाच तारा टांगावा आणि सगळ्यांनी यावं. त्या बैठकीत मी नसेन याचं मला फार वाईट वाटतं.

३. दफनाच्या जेवणाला बिअर आल्फोन्सकडून घ्यावी. भट्टीवर त्याची पाळी माझ्या आधीची होती. त्याच्या जिभेला हाड नाही, पण कच्च्या बिअरवर त्याने जन्मात तारा टांगलेला नाही. म्हणूनच निरोप धाडून त्याला साक्षीला बोलावलं आहे.

४. ताऱ्याचा खिळा ढिला झाला आहे. तो कोर्बिनियनने ठोकावा. तारा व्लास्ताने टांगावा.

वरील मजकूर माझ्याच हातचा आहे. यात कोणी फेरफार सुचवू नये, मी ऐकणार नाही.

श्टाइनरॉइट, १४ फेब्रुवारी २००९
सही: ओटिली ग्लाइसनर

साक्षीदार: एंगेलबर्ट श्राम्ल, पाद्री

साक्षीदार: आल्फोन्स त्सिंटल. वाचलं, कबूल आहे. मात्र माझी बिअर अजून कच्ची आहे. ती तयार होईपर्यंत ओटिलीबाईंनी कुठेही जायची घाई करू नये.